इरजण मागणारी बाई

चंद्रभागेचा राग नाकावर असायचा असं म्हणणं म्हणजे तिच्यावर अन्याय. नाकावरचा राग निदान दिसतो तरी. हिचा कुठून यायचा ते कळायचं नाही, आला की मात्र समोरच्याची पळता भुई थोडी व्हायची. पोलादपूरच्या बाजारात शिळी भाजी विकणारे तिला लांबून बघूनच जुड्या आत सरकवत. एसटीच्या कंडक्टरने एकदा तिला घाटातल्या वळणावर, वाडीच्या पुढे नेऊन उतरवलं. तिने गाडीपुढे उभं राहून गाडी मागे घ्यायला लावली. आतले पासिंजर वैतागले होते, पण एकाचीही तिला बोलायची छाती झाली नाही.

पण एक सांगतो, ती उगाच कधी चिडली नाही. आणि गेल्या काही वर्षांत तिने शांत राहावं असं घडलंच काय होतं?

कुडपणच्या वाटेवर, डोंगराच्या कमरेला तिची वाडी होती. वरची वाडी म्हणायचे. काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात डोंगराला भेग पडली आणि एका दुपारी वरचा अर्धा माळ घरांवर आला. सगळी माणसं खाली भाताच्या लावणीला गेली होती म्हणून वाचली. वाडी नाही वाचली. सरकारी माणसं आली, जागा धोक्याची ठरवली आणि सगळ्यांना रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून घातलं. तात्पुरतं, म्हणाले. हा शब्द चंद्रभागेला आजही शिवीसारखा लागतो. तात्पुरत्या शेडचे पत्रे गंजले, तात्पुरता नळ तुटला, तात्पुरता दिवा कधी लागलाच नाही. साहेब बदलत गेले आणि प्रत्येक नव्या साहेबाने तेच सांगितलं, प्रस्ताव वर गेलाय.

"वर म्हंजे कुटं?" चंद्रभागेने एकाला विचारलं. "आमी वरनंच खाली आलोय. वर आता नुसती दगडं हायत. तितं कोन वाचतोय तुमचा परस्ताव?"

साहेब गाडीत बसून गेले. माणसं किती दिवस वाट बघणार? कुणी मुंबईला पोराकडे गेलं, कुणी महाडला, कुणी कंपनीच्या आशेने बिरवाडीला. वाडीचे तुकडे झाले. आणि मंजुळाही गेली.

मंजुळा ही चंद्रभागेची शेजारीण. दोन घरांच्या मध्ये एकच कुडाची भिंत. स्वभावाने मात्र अगदी उलटी. कोंबडीला हाकलतानासुद्धा हिचा आवाज चढायचा नाही. दोघी एकाच दिवशी वाडीत सून होऊन आल्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्रभागेच्या सासूने तिच्या हातात वाटी दिली आणि शेजारी इरजण मागायला पाठवलं. इरजण म्हणजे विरजण, दुधाला लावायचं चमचाभर दही. घरात दही नव्हतं असं नाही. पण वाडीची चाल होती, नवं माणूस आलं की त्याने शेजारच्या दारात जाऊन इरजण मागायचं. मागितलं आणि दिलं की ते माणूस वाडीचं झालं. चंद्रभागा गेली, तर दारात तिच्याच वयाची, तिच्याइतकीच घाबरलेली पोर. तिच्याही हातात वाटी! तीही मागायलाच निघालेली. दोघी रिकाम्या वाट्या घेऊन एकमेकींसमोर उभ्या आणि हसून हसून पार बसल्या खाली.

नियम एकच होता. दिवेलागण झाली की इरजण कुणी द्यायचं नाही आणि कुणी मागायचं नाही. बाकी कुणाचं दही बिघडलं तर कुठल्याही घरातून आणावं. आणलेलं दही कधीतरी आपल्याच घरातून तिकडे गेलेलं असायचं. अख्ख्या वाडीचं दही एकच होतं म्हणा ना.

मंजुळेचा मुलगा सयाजी तिला शहरात घेऊन गेला. पनवेलच्याही पुढे कुठेतरी, मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये, त्याच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये. जाताना मंजुळा म्हणाली, "पोचले की फोन करीन गो." गणपती झाले, शिमगा झाला, फोन नाही. चंद्रभागेने लावला तर सयाजी उचलायचा. "आई मजेत आहे काकू. झोपलीय." भर दुपारी झोपलीय, सकाळी झोपलीय. जन्मात कधी दिवसा न झोपलेली बाई शहरात जाऊन एवढी झोपायला लागली?

यंदा चंद्रभागेचे गुडघे धरले. शेडमधून नळापर्यंत जायचं म्हणजे जीव जायचा. मुलगा मंगेश शहरात लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला. तो आला आणि म्हणाला, "आये, बस झालं आता. मी घर बघतोय. तू आलीस की मगच घेणार. तुला आवडेल त्या एरियात घेऊ."

मुलगी वैशाली बिरवाडीत राहायची, नवरा तिथल्याच कारखान्यात. तिचं म्हणणं, माझ्या शेजारची खोली रिकामी आहे, आये इथेच राहू दे. मंगेशने नाक मुरडलं.

"ती काय राहायची जागा हाय? कंपनीचा वास, नळावर भांडणं, रात्रपाळीवाल्यांची ये-जा. शहरात एवढं पसरलंय, त्यातली चांगली वस्ती निवडू ना आपण. कॅरेक्टर असलेली."

"म्हंजे?"

"म्हंजे... जिथं माणसं चांगली असतात."

आता, बिरवाडीची ती चाळ चंद्रभागेने पाहिली होती. गुडघ्याच्या औषधासाठी चार दिवस लेकीकडे राहिली होती तेव्हा. वैशालीच्या शेजारी मासूमा राहते. तिचा नवरा अब्बास टेम्पो चालवतो. चंद्रभागा दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन तिच्या दारात गेली, तर मासूमाने कमरेवर हात ठेवले.

"मावशी, काल आलात आणि आज मागताय? काल कोरडं खाल्लंत काय? आमी काय मेलो होतो हितं?"

आयुष्यात पहिल्यांदा चंद्रभागेला कुणीतरी तिच्याच आवाजात झापलं. ती एवढी खूश झाली की परत येऊन वैशालीला म्हणाली, "ही बाय चांगली हाय. भांडकुदळ हाय." मंगेशला हे कळलं तेव्हा तो फोनवर कुरकुरला, आये, त्यांच्याकडचं दही कशाला? वैशालीला विचारून घ्यायचं. चंद्रभागेने जे सुनावलं ते सगळं इथे लिहिता येणार नाही. शेवटचं वाक्य तेवढं सांगतो. "म्हशीला इचार जा, तुजी जात कंची म्हनून."

तरी मंगेशने हट्ट सोडला नाही. त्याने एक चकचकीत कागद आणला. त्यावर विहीर, रहाट, नऊवारीतली गोरीपान बाई, तिच्या डोक्यावर हंडा. खाली लिहिलेलं, 'गावाची ऊब, शहराची सोय.' चंद्रभागेने चष्मा लावून बघितलं.

"ही बाय हसतीय कशाला? हंडा रिकामा हाय वाटतं."

"आये, सयाजीचं घर ह्याच कॉम्प्लेक्समध्ये हाय. मंजुळाकाकू तिथंच ऱ्हाते."

झालं. चंद्रभागेने कागद बाजूला टाकला. "मंजी हाय तितं? मग आधी का नाय सांगितलंस? चल."

रविवार होता. पहाटेच निघाले आणि ऊन चढायच्या सुमाराला पोचले. गेटवर वॉचमनने नाव विचारलं, कुणाकडे जायचं विचारलं आणि मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला.

"फोटू कशाला रे? लगीन जमवतोस काय माजं?"

"नियम आहे आजी."

आत शिरल्या शिरल्या विहीर. सिमेंटची, वर काळ्या दगडाचा रंग मारलेला. चंद्रभागेने वाकून बघितलं. आत माती भरून शोभेची झाडं लावलेली, रहाटाला निळा नायलॉनचा दोर आणि समोर पाटी, 'विहिरीवर बसू नये.' पुढे एक कौलारू सोपा, त्यावर मोठ्या अक्षरांत 'चावडी'. दाराला कुलूप, काचेवर चिकटवलेलं, 'बुकिंगशिवाय प्रवेश नाही.' मंगेश कौतुकाने दाखवत होता, बघ आये, सगळं आपल्या गावासारखं.

चंद्रभागेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची खरी विहीर दगडाखाली गेली होती. ती परत उकरून द्या म्हणून तिने कितीदा हात जोडले, कुणाला वेळ झाला नाही. आणि इथे न आटणारी, न भरणारी, पाणीच नसलेली विहीर बांधायला गवंडी मिळाले! गावात गाव ठेवायचं नाही आणि शहरात त्याचा देखावा मांडायचा. पण ती तशीच पुढे चालली. मंजुळेला भेटायचं होतं.

लिफ्ट वर गेली. लांबलचक बोळ, दोन्हीकडे बंद दारं, सगळी एकाच रंगाची. कुठे चप्पल नाही, कुठे रांगोळी नाही, आतून भांड्याचा आवाज नाही. सयाजीच्या दाराला बाहेरून जाळीचं दार आणि त्याला कुलूप. मंगेशने बेल दाबली. बऱ्याच वेळाने आतलं लाकडी दार किलकिलं झालं.

"घरात कोन नाय," आतून आवाज आला.

चंद्रभागेने आवाज ओळखला. "मग तू कोन हायस, मंजे?"

दार पुरतं उघडलं. मंजुळा. अंगात सुनेची जुनी मॅक्सी, केस कापून आखूड केलेले, अंगावरचं मांस कुठे गेलं कुणास ठाऊक. तिने दोन्ही हातांनी जाळी धरली. जाळीच्या भोकांतून बोटं बाहेर काढून चंद्रभागेच्या दंडाला लावत राहिली.

"दार उघड की गो."

"चावी सयाजी न्हेतो."

"कुटं गेलाय?"

"कुनाचातरी वाढदिवस हाय. दोगंबी गेल्यात." मग घाईघाईने म्हणाली, "माज्याच भल्यासाठी हाय गो. त्येचा काय दोष नाय."

"भल्यासाठी? गुरंबी दावनीला सांजंला बांधत्यात, दिवसा न्हाय!"

तिथेच, जाळीला तोंड लावून, मंजुळेने सांगितलं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे कामाला गेल्यावर तिने वाटी घेतली आणि शेजारच्या दारात गेली. नवं माणूस ना ती! दार उघडलं नाही. पलीकडच्या दारातून एका बाईने हातानेच जा म्हणून खुणावलं. तिला वाटलं, ह्यांच्याकडे दूध नसेल. ती वरच्या मजल्यावर गेली, मग खालच्या. मग आपला मजला कुठला तेच कळेना. लिफ्टमध्ये शिरली ती थेट तळाला. बाहेर आली तर चहूकडे तसल्याच इमारती. दुपारपर्यंत ती हातात रिकामी वाटी घेऊन दारोदार फिरत होती. कुणीतरी फोटो काढला आणि कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर टाकला. एक बाई वाटी घेऊन भीक मागत फिरते आहे, दारं उघडू नका, सिक्युरिटी काय करते? सयाजीला कामावर तो फोटो आला. लुगडं त्याच्या ओळखीचं होतं.

"सयाजीला लई लाज वाटली गो," मंजुळा म्हणाली. "माजं चुकलंच. हितं मागत नायत."

चंद्रभागा सावकाश वळली. मंगेश लिफ्टच्या बटणाकडे बघत होता.

"तुला ठाव हुतं?"

"आये, तो फोटो सगळीकडंच फिरला... सयाजी बोलला होता मला."

"ठाव हुतं, आनि मला हितं आनलंस? मला ह्या फडताळात ठेवनार हुतास?"

"तुझं तसं नाय होनार. तू काय वाटी घेऊन फिरनार नायस."

"मी? मी फिरनार नाय?" तिचा आवाज बोळात घुमला. "आता बघच!"

आणि तिने शेजारचं दार धडाधडा वाजवलं. फट उघडली, आतून कुणीतरी विचारलं, काय पाहिजे?

"इरजण!"

फट बंद. तिने पुढचं दार वाजवलं. "इरजण द्या वो बाय! भीक नाय मागत, शेजार मागतीय!" त्याच्या पुढचं. गुडघे विसरली होती ती. कुठे दाराआड कुजबुज, कुठे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मंगेश मागे मागे, आये, आये, शोभतं का हे. वॉचमन वर आला आणि तिचा अवतार बघून लांबच उभा राहिला. चंद्रभागेने येऊन मंजुळेच्या दारासमोर बैठक मारली.

"मंगेश, सयाजीला बोलव. त्यो येईस्तवर मी उठत नाय."

सयाजी आणि त्याची बायको अपेक्षा आले तेव्हा अपेक्षाच्या हातात केकचा तुकडा होता, चांदीच्या कागदात गुंडाळलेला. सासूसाठी आणला होता. वाईट नव्हती ती पोरं, हे कबूल करायला हवं. पण वाईट नसलेली माणसं काय काय करतात!

"काकू, तमाशा नको," सयाजी कुलूप काढत म्हणाला. "आई हरवली होती. पुन्हा हरवली तर? आम्ही दोघं कामाला. पाय घसरून पडली तर कोण बघणार?"

"आनि कुलपात पडली तर कोन बघनार? आज रविवार हाय ना रे? आज कंचं काम हुतं?"

त्याने कुलूप खिशात टाकलं. मग त्याचाही तोल गेला. "तुम्हाला काय माहीत आम्ही इथे कसे राहतो! माझ्या आईला भिकारीण म्हणाले लोक! अख्ख्या कॉम्प्लेक्सने वाचलं!"

"म्हनाले ना? मग तू काय म्हनालास?"

"काय म्हणजे?"

"त्या फोटूखाली तू काय लिवलंस? ही माजी आय हाय, असं लिवलंस?"

अपेक्षाने नवऱ्याकडे बघितलं. हा प्रश्न तिने त्याला कधी विचारला नव्हता, तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"नाय लिवलंस," चंद्रभागा म्हणाली. "लोकांनी भिकारीण केलं आनि तू व्हय म्हनालास. तोंड बंद ठेवून व्हय म्हनालास. आनि वर तिलाच कुलूप? कुलूप लावायचं हुतं तर त्या फोटू काढनाऱ्याला लावायचं!"

आजूबाजूची दोन-तीन दारं आता किलकिली झाली होती. मघाशी एवढं ठोठावून न उघडलेली. तमाशाला बरी उघडली!

चंद्रभागा जाळीच्या दारातून आत गेली. मंजुळा सोफ्याच्या कडेला, पाहुण्यासारखी बसली होती.

"मंजे, ऐक. मी हितं ऱ्हानार नाय. बिरवाडीला वैशीच्या शेजारची खोली घेतीय मी. वास येतो. नळावर भांडनं हुतात. मी असनार म्हंजे जास्तच हुतील. शेजारीन हाय, मासूमा, तोंडाची फटकळ हाय पन दार उघडं टाकती. यायचंय?"

मंजुळेने आधी मुलाकडे बघितलं. सवय जाते कुठे? सयाजी खाली मान घालून उभा होता. ती उठली आणि आतल्या खोलीत गेली.

मंगेशने सुटकेचा श्वास टाकला. त्याला वाटलं, नको म्हणाली. चंद्रभागेलाही तेच वाटलं. पोरापायी झिजणाऱ्या बाया तिने जन्मभर पाहिल्या होत्या. भांडायचं तरी कुणाशी? मंजुळेशी ती कधी भांडली नव्हती.

आतल्या कपाटाचं दार वाजलं. बऱ्याच वेळाने मंजुळा बाहेर आली. अंगावर तेच हिरवं लुगडं, फोटोतलं. बगलेत कपड्यांची पिशवी, हातात वाटी.

"आई, हे काय?" सयाजी पुढे झाला. "लोक बघतायत. थोडं बसून बोलू, मी चावी तुझ्याकडे ठेवतो, मी लिहितो ग्रुपवर, आत्ता लिहितो..."

मंजुळेने त्याच्या गालाला हात लावला. रागाने नाही, तिला राग येतच नव्हता. मग ती उंबरा ओलांडून बोळात आली आणि किलकिल्या दारांसमोरून, वाटी पदराखाली न झाकता, सरळ लिफ्टकडे चालायला लागली. लिफ्टपाशी थांबून तिने मागे वळून चंद्रभागेला हाक मारली.

"चल गो लवकर. दिवस बुडायच्या आत पोचलं पायजे. सांज झाली तर ती बाय इरजण देनार नाय."